साडेतीनशे डॉलर, दहा एकर आणि दोन दोस्त

सातरस्ता

स्टाईनबेकची 'ऑफ माईस अँड मेन' (1937) आपल्यापैकी बऱ्याच जणांनी कॉलेजात इंग्रजीला म्हणून वाचली असणार, म्हणजे गाईडातून. परवा पुन्हा नीट वाचली आणि एक गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून धागा काढतोय. शेवट माहीत नसेल त्यांनी आधी पुस्तक वाचावं आणि मग इकडं यावं. छोटं आहे, एका रविवारात होतं.

कथा थोडक्यात. मंदीतलं कॅलिफोर्निया, सॅलिनास नदीचं खोरं, सोलेदाद गावाजवळचं एक मोठं शेत. जॉर्ज आणि लेनी काम शोधत गावोगाव हिंडणारे गडी. जॉर्ज चणीनं बारीक पण चलाख. लेनी आडदांड, ताकद अफाट, बुद्धी लहान पोराची. मऊ काही दिसलं की कुरवाळायचं हे त्याचं वेड, आणि त्यापायी आधीच्या गावातून दोघांना जीव घेऊन पळावं लागलेलं. दोघांचं ठरलंय काय, तर दहा एकर जमीन, छोटं घर, पवनचक्की, कोंबड्या, आणि लेनीसाठी ससे. जॉर्जनं हे इतक्यांदा सांगितलंय की लेनीला पाठ आहे, तरी तो म्हणतोच, सांग ना.

या स्वप्नाबद्दल जिथं तिथं 'भाबडं' असं लिहिलेलं सापडतं. मला ते पटत नाही. पुस्तकातले आकडे घेऊन बसा. जागा सहाशे डॉलरला मिळणार आहे, कारण मालक म्हातारा-म्हातारी कफल्लक झालेत आणि म्हातारीचं ऑपरेशन करायचंय. गड्याला पगार महिना पन्नास, वर जेवणखाण. दोघांच्या खिशात मिळून दहा. इथवर सगळं हवेतच. मग झाडलोट करणारा म्हातारा कँडी मध्येच बोलतो. त्याचा हात कामावर गेला, त्याचे अडीचशे मिळालेले. पन्नास साठवलेत, महिनाअखेर आणखी पन्नास येतील. झाले साडेतीनशे. जॉर्ज आणि लेनीचा महिन्याचा पगार शंभर. साडेचारशे. एवढ्यावर म्हातारा-म्हातारी तयार होतील, उरलेलं नंतर फेडू, असा जॉर्जचा अंदाज. म्हणजे राहिला फक्त एक महिना. तो प्रसंग वाचा, तिघंही एकमेकांकडं बघत गप्प बसतात. खरं होईल असं त्यांतल्या कुणालाच आजवर वाटलेलं नसतं.

पुढं लेनीच्या हातून मालकाच्या पोराची, कर्लीची, बायको मरते. प्रेत बघितल्यावर कँडी विचारतो ते हेच, की आपण दोघं तरी ती जागा घेऊ ना? आता परत बेरीज करा. कँडीचे साडेतीनशे, जॉर्जचे पन्नास, चारशे. आधीपेक्षा कमी किती, तर एका गड्याचा एक महिना. आणि जॉर्ज नाही म्हणतो. महिना भरीन, पन्नास घेईन आणि बाकीचे गडी उडवतात तसे उडवीन, म्हणतो.

मग गेलं काय? जमीन तिथंच आहे, पैसे आहेत. ऐकणारा गेला. जॉर्ज स्वतःच म्हणतो की लेनीला ते ऐकायला इतकं आवडायचं की मलाही वाटायला लागलं होतं, होईल बहुतेक.

तुम्हाला काय वाटतं? आणि आपल्याकडं, आपल्या लिखाणात किंवा सोलापुरात, अशी जोडी कुठं सापडते का? पोटासाठी गाव सोडलेले, नात्याचे नसलेले आणि पुढचं मिळून ठरवणारे. भाऊभाऊ नकोत.

शेंगाचटणी

हिशोब भारी घातलास बे. पण मला पुस्तकातलं विसरता येत नाही ते कँडीचं कुत्रं. म्हातारं झालंय, वास मारतं, म्हणून कार्लसन नावाचा गडी त्याला बाहेर नेतो गोळी घालायला. आणि मग खोलीत सगळे बसून राहतात. पत्ते पिसतात, कायतरी बोलायचं म्हणून बोलतात, फळीखाली उंदीर कुरतडल्यासारखा आवाज येतो त्याच्यावर बोलतात. बार काही लवकर होत नाही. कँडी आढ्याकडं बघत पडलेला. गोळीचा आवाज आल्यावर तो फक्त कूस बदलतो भिंतीकडं. दोन पानं असतील, पण मी दोनदा पुस्तक बंद केलं.

नंतर कँडी म्हणतो की माझ्या कुत्र्याला मीच मारायला पाहिजे होतं, परक्याला मारू द्यायला नको होतं. जॉर्ज ते ऐकतो. शेवटी काय करतो ते लिहीत नाही, नवीन लोक वाचत असतील.

फडकरी

आमच्या भागात (माळशिरसकडं) ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यावरून एक लक्षात आलं. पुस्तकात शेताचा मालक जॉर्जवर संशय घेतो: हा दुसऱ्यासाठी एवढा का बोलतोय, त्याचा पगार तर खात नाही ना? दोन गडी एकत्र फिरतात हेच त्याला पटत नाही. स्लिम, ज्याला बाकीचे गडी मानतात, तोसुद्धा म्हणतो, असे एकत्र फिरणारे फार दिसत नाहीत, लोक एकमेकांना भीत असतील.

आमच्याकडं बरोबर उलटं. एकट्याला मुकादम (टोळी आणणारा ठेकेदार) उचलच (आगाऊ रक्कम) देत नाही. जोडी पाहिजे, तिला 'कोयता' म्हणायचं, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं वाढं काढून मोळी बांधायची, दोघांनी गाडी भरायची. म्हणजे सोबत ही मालकाचीच गरज झाली. उचल दसऱ्याच्या आधीच खर्चून जाते आणि उन्हाळ्यात हिशोब झाला की निम्मी अंगावर राहते, ती पुढच्या हंगामात. या लोकांचा महिना सुरूच वजाबाकीनं होतो. तुमच्या जॉर्जचे खिशातले दहा डॉलर निदान त्याचे होते.

कोप्यांवर (टोळीच्या झोपड्यांवर) रात्री बसून बघितलंय, स्वप्नं असतात. दोन एकर, बोअर, पोरगं हॉस्टेलला. पण जमिनीचं बोलणं निघालं की कुणीतरी म्हणतंच, आधी मुकादमाचं फिटू दे.

अर्धविराम

याच काळातलं एक आठवलं. प्रेमचंदांचं 'गोदान' 1936 चं, म्हणजे एका वर्षाचं अंतर. तिथं होरी या शेतकऱ्याला दहा एकर नकोत, दारात एक गाय पाहिजे. तेवढ्यासाठी अख्खं आयुष्य जातं, शेवटी मजुरी करता करता उन्हात पडतो. मरताना गोदान करायचं म्हणतात, तर त्याची बायको धनिया, तिच्याकडं सुतळी विकून आलेले वीस आणे असतात, तेच ती पुढं करते. सातरस्ता, तुमचे साडेतीनशे आणि हे वीस आणे शेजारी ठेवून बघा.

सातरस्ता

@अर्धविराम, वीस आण्यांना तोड नाही. पण होरी गावातच राहतो, शहरात जातो तो त्याचा पोरगा गोबर. आणि होरीचं स्वप्न त्याचं एकट्याचं आहे, धनिया तर सतत त्याला जमिनीवर आणत असते. मी मागतोय ते वेगळं.

@फडकरी, सोबत ही मालकाची गरज, हे डोक्यात आलंच नव्हतं. यावर अजून लिहा.

निळी_शाई

मराठीतलं पाहिजे ना, बाबूराव बागूलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' काढा. त्याच नावाचा संग्रह 1963 चा. रेल्वेत नोकरी लागलेला नायक गुजरातेत जातो. खोली मिळावी म्हणून जात लपवतो. सोबतचे कामगार त्याच्यावर जीव टाकतात, घरी नेतात, त्याच्या कविता ऐकतात. जात उघडी पडल्यावर तीच माणसं मारायला उठतात. त्याला सोडवून नेतो तो काशिनाथ, ज्यानं आपली जात कधी लपवलेलीच नसते.

स्टाईनबेककडं याला जवळचा माणूस जॉर्ज-लेनी नाही, क्रूक्स आहे. काळा म्हणून गड्यांच्या खोलीत प्रवेश नाही, घोड्यांच्या साजाच्या खोलीत एकटाच राहतो. त्याच्या फळीवरचं सामान नीट वाचा: औषधांच्या बाटल्या, चष्मा, फाटका शब्दकोश, आणि कॅलिफोर्नियाच्या दिवाणी कायद्याची 1905 ची चुरगळलेली प्रत. कायदा वाचलेला माणूस आहे. तो आधी हसतो: तुमच्यासारखे शेकड्यांनी बघितले, डोक्यात जमीन घेऊन येतात, कुणालाच मिळत नाही. मग कँडी म्हणतो की पैसे बँकेत आहेत, आणि या शहाण्या माणसाचा आवाज बदलतो. फुकट काम करीन, नुसतं राहू द्या, म्हणतो. पुढच्या काही मिनिटांत कर्लीची बायको त्याला खोट्या आळात टांगायची धमकी देते आणि तो सगळं मागं घेतो. गंमत केली म्हणतो.

सातरस्ता, तुमच्या बेरजेत क्रूक्स कुठं बसतो? पैसे होते, ऐकणारा होता, स्वप्न ऐकून तो विरघळला पण होता. तरी त्याला दहा एकरांत शिरायला जागा किती वेळ मिळाली?

सातरस्ता

बसत नाही. तिथं माझी बेरीज तुटते हे खरं.

पूर्वभागातली

सगळ्यांनी कर्लीची बायको, कर्लीची बायको लावलंय म्हणून लिहिते. अख्ख्या पुस्तकात तिला नाव नाही. तिचंही एक स्वप्न आहे, सिनेमात जायचं, कुणीतरी पत्र पाठवतो म्हणाला होता आणि पत्र आलंच नाही. ती कुणाशी बोलायला गेली की पुरुष तिला हाकलतात. बाकीचे गावात मजा करायला गेलेत तेव्हा ती क्रूक्सच्या दारात येऊन म्हणते, दुबळे तेवढे मागं ठेवून गेले. तिचं स्वप्न ऐकायला एकच माणूस सापडला, लेनी, आणि तो सशांचं बोलत बसला.

सातरस्ता विचारतात सोलापुरात कुठं सापडतं. पुरुषांतच शोधाल तर नाही सापडणार. माझी आई विड्या वळायची. आम्ही मूळ तेलंगणाकडचे, आजोबा गिरणीत लागले म्हणून इथं. घर भाड्याचं, दहा बाय दहाच्या आसपास, पाणी खालून भरून आणायचं. आई आणि समोरच्या दोघी दारात बसायच्या, मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि तंबाखू. बोटं चालू, तोंड चालू. आणि बोलणं काय, तर घर. ओटा कुठं, मोरी कुठं, तुळस दारात की मागं. एकीला खिडकी रस्त्याकडं पाहिजे होती, दुसरी म्हणायची धूळ येते. कारखान्यात विडी द्यायला गेल्यावर चेकरनं छाट (नापास विड्या) जास्त काढली की त्या दिवशी घराचं बोलणं बंद. दुसऱ्या दिवशी परत सुरू.

बाकी काय झालं ते सोलापूरकरांना माहीत आहे. कामगार नेते आडम मास्तर, त्यांच्या मागं बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या. सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची सोसायटी उभी राहिली, दहा हजार घरं, 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते. केंद्राचे पैसे, राज्याचे पैसे आणि बायकांचे स्वतःचे. नंतर तिथंच रे नगर, तीस हजार घरांचं, त्यातली पहिली पंधरा हजार 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधान मोदींच्या हस्ते दिली. विडीवाल्या, लूमवाले, कचरा वेचणारे, सगळे असंघटित कामगार. तीन पुरुषांना सहाशे डॉलरची एक जागा जमली नाही आणि इथं बायकांनी गाव वसवलं.

सगळं गोड नाही. लांब पडतं, सुरुवातीला बस धड नव्हती, कारखाना सुटला तर रोज गेला. समोरच्या दोघींतली एक कुंभारीला आली, एक आलीच नाही, तिच्या घरच्यांनी भरायचे पैसे दुसरीकडं घातले.

सातरस्ता

@पूर्वभागातली, हे वाचून पहिल्यांदा वाटलं की याला दोस्ती म्हणायचं का? ही चळवळ झाली. युनियन, सोसायटी, मोर्चा. लेनी आणि जॉर्जचं ते नव्हे.

पूर्वभागातली

का नव्हे ओ? अर्ज भरायला एकटी कुणी गेली नव्हती. माझ्या आईला लिहिता येत नाही, समोरचीला येतं. एकीचा हप्ता चुकला की दुसरीनं भरायचा आणि घरी सांगायचं नाही. पुस्तकात जॉर्ज लेनीचं वर्ककार्ड स्वतःच्या खिशात ठेवतो, तो हरवील म्हणून. आमच्याकडं पावत्या समोरचीच्या डब्यात असायच्या. त्यात चळवळ कुठं सुरू झाली आणि मैत्री कुठं संपली ते तुम्ही सांगा.

अर्धविराम

एक माहितीची भर. अमेरिकेत 1935 मध्ये संघटनेचा हक्क देणारा मोठा कामगार कायदा आला, पण शेतमजूर त्यातून बाहेर ठेवले होते. म्हणजे जॉर्ज-लेनीला युनियनचा रस्ता जवळपास बंदच. स्टाईनबेकनं आदल्या वर्षी, 1936 मध्ये, फळं तोडणाऱ्यांच्या संपावर 'इन ड्युबियस बॅटल' लिहिली होती, संघटना त्याला माहीत नव्हती असं नाही. या पुस्तकात त्यानं ती मुद्दाम बाहेर ठेवली. मला वाटतं बरं केलं. संप आला असता तर आपण सगळे मागण्यांवर बोलत बसलो असतो.

निळी_शाई

बरं केलं म्हणजे कुणाचं बरं केलं? लेखकाचं.

टॉवेलवाला

सातरस्ता, ऐकणारा गेला म्हणून स्वप्न गेलं हे मला अर्धं पटतंय. कँडी नव्हता का ऐकायला? तो तर जॉर्जपेक्षा पुढं गेला होता, सशांच्या धंद्यात पैसे कसे सुटतील याचा हिशोब पडल्या पडल्या करत होता. मग कँडी का चालत नाही? मला वाटतं कँडी भागीदार होता, लेनी दोस्त होता. भागीदाराबरोबर जमीन घेता येते, पण जॉर्जला नुसती जमीन नको होती.

आता आमच्या घरचं. वडील आणि त्यांचा दोस्त, दोघंही तेलंगणातून आलेले, गावं वेगळी. साखर पेठेत एका खोलीत राहायचे आणि एकाच कारखान्यात टॉवेलचे लूम चालवायचे. शेडमध्ये लूम चालू झाले की बोललेलं ऐकू येत नाही. ओठांवरून, बोटांच्या खुणांवरून बोलायचं. (वडील अजून घरात पण ओरडूनच बोलतात, पाहुणे घाबरतात.) तर हे दोघं लूमच्या फ्रेमवर खडूनं आकडे लिहायचे. जुन्या दोन लूमची किंमत, मोटर, शेडचं भाडं, डिपॉझिट, आणि खाली रेघ मारून जमा झालेले. आठवड्याचा पगार झाला की खालचा आकडा फडक्यानं पुसायचा आणि नवा लिहायचा. जॉबरला (लूमवरच्या मेस्त्रीला) वाटायचं कामाचे आकडे लिहितात.

आणि ते झालं. लूम घेतले, भाड्याच्या शेडमध्ये टाकले, दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर टॉवेल काढायला लागले. मी तेव्हा लहान, शेडला नारळ फोडला ते आठवतंय. मग सुरू झालं: लाईटबिल कुणी भरायचं, रात्रपाळी कुणी करायची, कुणाच्या लूमवर धागा जास्त तुटतो. कारखान्यात होते तोवर यांचं कधी वाजलं नव्हतं, कारण शिव्या द्यायला मालक होता. पुढं मजुरीचा भाव पडला. एका दिवाळीला दोघांनी एकेक लूम वाटून घेतला. काकांनी त्यांचा विकला आणि ते सुरतला गेले.

म्हणून म्हणतो, जॉर्ज आणि लेनीला दहा एकर मिळाले असते तर काय झालं असतं हा प्रश्न कुणी विचारत नाही. अल्फाल्फा (सशांचा चारा) कुणी कापायचं? लेनी सशांपाशी बसलेला आणि जॉर्ज एकटा राबतोय, असं किती दिवस चाललं असतं?

फडकरी

हे खरं. जॉर्ज पहिल्याच प्रकरणात बोलून दाखवतो की तू नसतास तर माझं किती सोपं झालं असतं.

शेंगाचटणी

टॉवेलवाला, तू तर लेनीला मेल्यावर पण कामाला लावलास. पण लेनीकडून काम होत नाही हे कुठं वाचलंस? पोती उचलायला त्याच्यासारखा गडी नाही असं स्लिमच म्हणतो. अडचण काम संपल्यानंतरच्या वेळेची आहे.

सातरस्ता

@टॉवेलवाला, भागीदार आणि दोस्त हा फरक मला पाहिजे होता, सापडत नव्हता. पण तुमच्याच गोष्टीत बघा, खडूचे आकडे होते तोवर ते दोघं दोस्तच होते की. लूम आल्यावर भागीदार झाले. म्हणजे जॉर्जनं कँडीला नाही म्हटलं ते शहाणपणाचं होतं की भेकडपणाचं? मी भेकडपणाच्या बाजूनं आहे. समोर म्हातारा मान खाली घालतोय, त्याला लवकरच कामावरून काढतील हे जॉर्जला ठाऊक आहे, पैसे त्याचेच आहेत. तुला नुसती जमीन नको असेल, पण त्याला पाहिजे ना? त्याचं काय?

काका आणि वडील बोलतात का अजून?

टॉवेलवाला

बोलतात. लग्नकार्यात भेटले की दोघं कोपऱ्यात बसून लाईटबिलावरूनच भांडतात. तेव्हाचा युनिटचा दर दोघांना वेगवेगळा आठवतो.

निळी_शाई

सातरस्ता, भेकडपणा हा शब्द जड आहे. त्या माणसानं तासाभरात काय करायचं ठरवलंय ते बघा आणि मग त्याच्याकडून खरेदीखताची अपेक्षा करा. पण कँडीचं म्हणाल तर कबूल. पुस्तकात सगळ्यांत वाईट त्याचं झालं. मेला नाही, मारलं नाही, आणि साडेतीनशे तसेच बँकेत.

पूर्वभागातली

कँडीला आमच्या सोसायटीत घ्यायला पाहिजे होतं. साडेतीनशे रोख, पावती फाडून दिली असती आणि मोर्चाला पुढं उभं केलं असतं, एक हात नसलेला म्हातारा बघून पोलिसांनी पण काठी आवरली असती.

शेंगाचटणी

आणि क्रूक्सला सेक्रेटरी करा. कायद्याचं पुस्तक त्याच्याकडं आहेच, 1905 चं का असेना.

निळी_शाई

सेक्रेटरी करा, पण मीटिंग त्याच्या खोलीत नको. त्याला ऑफिसात खुर्ची द्या.